फेतिये ते केकोवा, आठ दिवस

शमीम, तुझी बॅग भरून झाली. तुझा जेद्दाचा चुलत दीर परवा येऊन घेऊन जाईल आणि रत्नागिरीला निघालेल्या कुणाच्या तरी हाती देईल. तुझे सलवार-कमीज मी गुंडाळून ठेवलेत. तुला आवडतं तसं नाही, मला जमतं तसं. सौदीतल्या यान्बूच्या या फ्लॅटमध्ये आपण कपड्यांच्या घड्यांवरून जेवढं भांडलो तेवढं दुसऱ्या कशावरून भांडलो नसू. आता ओरडायला तू नाहीस, म्हणून मी माझ्या पद्धतीने भरली. त्यात मला काही सुख लागलं नाही, हे आधीच सांगून टाकते.

सगळं भरलं, फक्त एक वस्तू कालपर्यंत बाहेर होती. तो निळा पोहण्याचा पोशाख, डोक्यापासून घोट्यापर्यंत अंग झाकणारा, जेद्दाच्या मॉलमध्ये दहा दुकानं फिरून तू घेतलेला. तो मी दोनदा बॅगेत ठेवला आणि दोनदा काढला. कारण बॅग उघडणार सना. तुझी मुलगी आता लहान नाही, फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आई गुडघ्यापलीकडे कधी समुद्रात गेली नाही, अशी तिची पक्की समजूत होती. मग हा पोशाख कुठला, हे ती विचारणारच होती. आणि त्याचं उत्तर जगात फक्त मला माहीत होतं.

तुला जाऊन पंधरवडा होतोय. सकाळच्या ड्यूटीला निघताना बूट घालायला वाकलीस आणि उठली नाहीस. मेंदूत रक्तस्राव. आपल्याच हॉस्पिटलच्या आयसीयूत, आपल्याच नर्स मुलींच्या हातात तू होतीस, तरी काही करता आलं नाही. घरी कळवलं तेव्हा तुझी सासू फोनवर म्हणाली, “तिथली माती सगळ्यांच्या नशिबात नसता. तिला तिथंच ऱ्हाऊ दे.” मग तुला आंघोळ घालायला बायका आल्या. आपण दोघींनी मिळून किती जणींना पुसून, हातपाय सरळ करून पांढऱ्या चादरीत गुंडाळलं असेल. तुझ्या वेळी मी दाराबाहेर बाकावर बसले. ते काम तुझ्या धर्माच्या बायकांचं होतं आणि त्यात मला वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. तरी वाटलं. कबरस्तानात इथे बायका जात नाहीत, त्यामुळे पुढचं काही मी पाहिलं नाही.

तेव्हा तुला शेवटचं पाहिलं ते तोंडात नळी असताना. ते रूप मला नको आहे. डोळे मिटले की मी ते बाजूला सारते आणि बोटीच्या पुढच्या टोकाला पाय पसरून बसलेली, ओले केस ओढणीने पुसणारी शमीम समोर आणते. ती बाई मी एकटीनेच पाहिलीय. एवढ्या माणसांत तुझ्यासाठी रडताना मला सारखं वाटत होतं की आपण सगळे वेगवेगळ्या बायकांसाठी रडतोय.

हे बोटीचं खूळ सुरू झालं आपल्या मुदीरपासून. नर्सिंगची मुख्य बाई, सौदी, दर उन्हाळ्यात घरच्यांबरोबर तुर्कस्तानात बोटीवर सुट्टी घालवायची आणि परत आली की आठवडाभर येईल त्याच्यासमोर फोन धरायची. गोजेक, बोडरुम, मार्मारिस ही नावं आपल्याला तिच्यामुळे पाठ झाली. आम्ही सगळ्या ‘माशाअल्ला’ म्हणून फोन परत द्यायचो. तू मात्र फोटो मोठा करून बोट बघायचीस, शिडं बघायचीस, बोटीखालचं पाणी बघायचीस. आणि एक दिवस चहा गाळता गाळता मला म्हणालीस, “वैजू, आख्खी बोट घ्यायला लागत नाय. खोलीपुरतं पण तिकीट देतात. दोघीत एक खोली.”

म्हणजे तू चौकशीसुद्धा करून बसली होतीस. मी म्हटलं, डोकं फिरलंय का. तू म्हणालीस, “फिरलंय तर फिरू दे. किती वर्षं झाली गो, एकाच जागी हाय ते.”

आखातात नोकरी करणाऱ्याची सुट्टी त्याची नसते, घराची असते, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. गावची लग्नं त्या सुट्टीवर ठरतात, घराचा स्लॅब त्या सुट्टीत पडतो, म्हाताऱ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं त्या सुट्टीसाठी थांबलेली असतात. पासपोर्टवर एक्झिट-रीएन्ट्रीचा शिक्का पडला की माणूस गावाकडे तोंड करतो, दुसरी दिशाच त्याला माहीत नसते. आणि तू तर नवऱ्यामागे एकटीने घर ओढणारी. सना पहिलीत असताना तिला सासूजवळ ठेवून तू इकडे आलीस. विधवा सून परदेशात परक्या माणसांबरोबर बोटीवर हिंडली, असं गावात कुणाच्या कानावर गेलं असतं तर सासूला बाहेर तोंड दाखवणं कठीण झालं असतं. माझं सोपं होतं. मिरजेला मी भावाला खरं सांगितलं असतं तर त्याने फक्त ‘येताना काय आणणार’ एवढंच विचारलं असतं.

मग तू सुट्टीचे दोन तुकडे केलेस. मोठा तुकडा जानेवारीत, गावासाठी. छोटा सप्टेंबरात. आणि घरी फोन करून सांगितलंस, “आत्ता रजा मंजूर झाली नाय. जानेवारीत देतायत.” मी शेजारी बसून भेंडी चिरत होते. तुझा आवाज जराही हलला नाही. इंजेक्शन देताना ‘काही दुखणार नाही’ म्हणतेस ना, अगदी तोच सूर.

तुर्कस्तानात फेतियेच्या बंदरात आपण उतरलो तेव्हा मला बोटींपेक्षा कॅफे दिसत होते आणि तुला कॅफे दिसतच नव्हते. आपली बोट लाकडी, दोन डोलकाठ्यांची, तपकिरी पॉलिश केलेली. तू तिच्या अंगावरून हात फिरवलास, सांध्यांवर बोट ठेवून बघितलंस आणि म्हणालीस, “आमच्याकडं ह्यावर मासळी वाहतात. हितं माणसं वाहतात.” तेवढंच म्हणालीस, पण दिवसभर खूश होतीस. बरोबर एक जर्मन म्हातारं जोडपं होतं, आणखी चार माणसं होती, त्यांची नावं मी विसरले. कप्तान जाडा आणि अबोल. त्याची बायको स्वयंपाक करायची आणि ती तुझ्यापेक्षा मीठ कमी घालायची, म्हणून मला पहिल्या जेवणापासून आवडली.

पहिला मुक्काम गोजेकच्या खाड्यांत. मुदीरच्या फोनमध्ये ते जेवढं दिसलं होतं त्यापेक्षा शांत होतं. डोंगरावरची पाइनची झाडं थेट पाण्यापर्यंत उतरलेली, गावातल्या धक्क्यावर श्रीमंतांच्या पांढऱ्या बोटींची रांग, पण जरा पुढच्या वळणाला गेलं की कुणी नाही. एका खाडीत जुन्या स्नानगृहाच्या भिंती अर्ध्या पाण्यात उभ्या आहेत. तिथे बोट थांबली आणि सगळे धपाधप उड्या मारून मोकळे झाले. तू तो निळा पोशाख घालून शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसलीस. समुद्राला लागून जन्म गेला, घरच्या पुरुषांनी मासेमारी केली, पण बायकांनी पाण्यात उतरायचं ते कालवं काढायला, गुडघ्याएवढं. यान्बूच्या किनाऱ्यावरही तू अबाया सावरत पावलं भिजवायचीस आणि मागे फिरायचीस.

मी कृष्णाकाठची, मला पोहता येतं, म्हणून मी शिकवायला आले. तू म्हणालीस, “तू बोलू नको. तुझ्या बोलण्याने मला जास्त भीती वाटते.” मी गप्प बसले. कप्तानाने दोरी बांधलेलं एक रबरी कडं तुझ्याकडे टाकलं आणि तो दुसरीकडे बघत राहिला, हे त्याचं मोठेपण. माझा चहा पिऊन झाला, दुसरा आला. मग तू पुटपुटून ‘बिस्मिल्ला’ म्हणालीस आणि शिडी सोडलीस.

नंतर तुला बाहेर काढायला सगळ्या बोटीला विनवण्या कराव्या लागल्या. जेवण गार झालं. जर्मन आजी हसून हसून बेजार.

तिथेच ती भाकरीवाली आली, आठवतंय? छोट्या मोटरबोटीत चूल, लाटणं, पिठाचा गोळा, आणि डोक्याला रुमाल बांधलेली तुझ्या वयाची बाई. एका हाताने इंजिन बंद करते, दुसऱ्या हाताने आपल्या बोटीचा कठडा धरते आणि तिथल्या तिथे चीज-पालक घालून पातळ पोळी भाजून देते. तू ती पोळी खाऊन नाक मुरडलंस. मीठ नाही म्हणे. पण ती बाई पुढच्या बोटीकडे निघाली तेव्हा तू उभी राहून ती नजरेआड होईपर्यंत बघत होतीस. “स्वतःची बोट हाय तिची,” तू म्हणालीस. “नवऱ्याची नाय. मी विचारलं.” कुठल्या भाषेत विचारलंस, देव जाणे.

ओल्युदेनिझ तुला आवडलं नाही. सगळ्या जाहिरातींत तेच असतं, ते निळं तळं आणि पांढरी वाळू, आणि खरंच सुंदर आहे, उगीच नावं का ठेवायची. डोंगरावरून छत्र्या बांधलेली माणसं एकामागून एक आकाशात सुटत होती. पण किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. तू एक नजर टाकलीस आणि म्हणालीस, “रियाधला बत्हाच्या बाजारात शुक्रवारी असते ना, तीच गर्दी. फक्त कपडे कमी घालून आलीय.” आपण पुन्हा बोटीवर जाऊन बसलो. कालकानला पांढरी घरं, घरांवरून लोंबणारी बोगनवेल आणि गच्चीगच्चीवर हॉटेलं. तिथे एका गच्चीवर बसून आपण फक्त चहा घेतला, कारण बाकीचे भाव वाचून तुझा चेहरा उतरला. त्या चहाच्या, कमरेत बारीक असलेल्या ग्लासांवर तुझा जीव जडला. खाली उतरून बाजारात घासाघीस करून सहा ग्लासांचा सेट घेतलास. मी विचारलं, घरी काय सांगणार? “जेद्दाला मिळाले,” तू म्हणालीस. तयारच होतं उत्तर.

आणि काश. काशवरून मला आजही एकटीला हसू येतं, आणि या पंधरवड्यात ते सगळ्यात जास्त अंगावर आलंय.

शुक्रवार होता. शुक्रवारी नमाजनंतर सना आणि सासूबरोबर तुझा व्हिडिओ कॉल, त्यात कधी खंड नाही. आपली बोट काशच्या बंदरात. समोर ग्रीसचं एक बेट, इतकं जवळ की हाक मारली तर ऐकू जाईल. मी म्हटलं, आजचा दिवस कॉल चुकव. तू मला वेड्यात काढलंस आणि बॅगेच्या तळातून इस्त्री केलेला युनिफॉर्म काढलास. शमीम, माणसं सुट्टीवर जाताना टोपी नेतात, क्रीम नेतात. तू हॉस्पिटलचा युनिफॉर्म नेला होतास, ओळखपत्र आणि खिशातल्या पेनासकट.

खालच्या खोलीत लाकडी भिंतीला पाठ लावून बसलीस. मी पलंगावर पाय वर घेऊन, आवाज न करता. सासूने विचारलं, ही कुठली खोली. तू म्हणालीस, नवीन ड्यूटी रूम, लाकडाचं काम केलंय. तेवढ्यात गोल खिडकीतून पाण्यावरचं ऊन आत येऊन तुझ्या डोक्यामागे हलायला लागलं.

“मागं भिंतीवर काय हालता गो?” सासू म्हणाली.

“फिश टँक हाय. पेशंटसाठी ठेवलाय.”

मी उशी तोंडात कोंबली. मग कप्तानाने इंजिन सुरू केलं आणि आख्खी खोली थरथरायला लागली. तू न हसता म्हणालीस, “जनरेटर. लाइट जाते हल्ली.” सना पलीकडून काळजीने म्हणाली, “अम्मी, सौदीत पण लाइट जाते?” आणि तू तिला दहा मिनिटं अभ्यास कर, बदाम खा, रात्री जागू नको, असं सगळं सांगितलंस. फोन ठेवलास आणि तशीच युनिफॉर्ममध्ये डेकवर गेलीस. जर्मन म्हाताऱ्याला वाटलं कुणीतरी आजारी पडलं.

त्या दिवशी मी खूप हसले. तू नाही हसलीस. मी विचारलं, काय झालं, तर म्हणालीस, “काय नाय. पोरगी काळजी करत होती लाइटची.” हे मला तेव्हा नीट कळलं नव्हतं.

केकोवाला पाण्याखाली बुडालेलं गाव आहे. पायऱ्या दिसतात, भिंती दिसतात, वरून बोट हळू हळू जाते, उतरायला बंदी. त्याच्यासमोर कालेकोय. रस्ताच नाही त्या गावाला, बोटीनेच जायचं. दारासमोर होड्या बांधलेल्या, पायऱ्यांवर वाळत घातलेले कपडे, हाताने विणलेले रुमाल विकणाऱ्या बायका आणि डोंगरावर किल्ला. तू तिथे उतरलीस आणि त्या बायकांकडे बघत उभी राहिलीस. मी म्हटलं, हे तर तुझ्या खाडीवरच्या गावासारखंच दिसतंय. एवढं तिकीट काढून माणसाने पुन्हा आपलंच गाव बघायचं?

“गावात मी बघत नाय,” तू म्हणालीस. “गावात मी राबते.”

गोजेक चांगलं की कालेकोय, हा वाद आपण यान्बूला परतल्यावरही सोडला नाही. मी अजून गोजेकच म्हणते. झाडं, शांतता, आणि चढ नाही.

तिथल्या एका पायरीवर, पाण्यात पाय सोडून, तू माझ्याकडून शब्द घेतलास. “हे आठ दिवस कुणाला सांगायचे नाय. सनाला तर नायच नाय.”

“सासूचं समजू शकते,” मी म्हटलं. “सनाला काय हरकत आहे? मोठी झाली ती.”

“तिला वाटेल, अम्मी आपल्याशिवाय मजेत होती.”

“होतीस की.”

“म्हणून तर.”

मी तुझ्या हातावर हात ठेवून शब्द दिला. मला ते पटलं नव्हतं, पण ऐन सुट्टीत वाद घालण्याएवढी मी कजाग नाही.

जानेवारीत तू गावी गेलीस. सासूने तुझ्या काळवंडलेल्या तोंडाकडे बघून ‘तिकडे उन्हात काम करायला लावतात काय’ म्हणून आपल्या हॉस्पिटलला शिव्या घातल्या. दुपारी तिने तुला शेजारी बसवून हिंदीत डब केलेली तुर्की मालिका दाखवली आणि तिथला समुद्र कसा असतो ते समजावून सांगितलं. तू म्हणे मान डोलावत होतीस आणि मध्येच ‘अगोबाई, असं काय’ म्हणत होतीस. हे सगळं तू मला परत आल्यावर नक्कल करून दाखवलंस, तेव्हा मात्र पोटभर हसलीस.

मग राहिलं बोडरुम. मी म्हणत होते, आता बोडरुमला जाऊ, तिथून पुढच्या आखातात आठवडाभर बोटी जातात, पाणी गार आणि गर्दी कमी. तू म्हणायचीस, सनाचं हे वर्ष होऊ दे. मग ते वर्ष झालं की पुढचं वर्ष. दोन उन्हाळे गेले. तू गेलीस त्याच आठवड्यात मी पुन्हा विषय काढला होता. तू रक्तदाबाची गोळी घेत होतीस आणि म्हणालीस, “पुढच्या वर्षी नक्की. डिग्री होईल तिची.” मी म्हटलं, “तुझं पुढचं वर्ष कधी उजाडायचंय ते मला कळू दे.” तू गोळीवर पाणी प्यालीस. ते बोलल्याचं मला वाईट वाटत नाही, खरं तेच बोलले. वाद तेवढा अर्धा राहिला.

आता सनाबद्दल सांगते, कारण खरं तर त्यासाठीच लिहायला बसलेय.

पोरगी मला रोज व्हिडिओ कॉल करते. तुला करायची त्याच वेळेला. पहिले दिवस नुसती विचारायची, त्या सकाळी अम्मी काय बोलली, काय खाल्लं, कुठले बूट होते. मी सांगत गेले. मग गेल्या शुक्रवारी फोन आला तेव्हा चहा पीत होती. “मावशी, हे बघ, अम्मीने जेद्दाहून आणलेले ग्लास. एवढी एकच छान वस्तू आहे घरात, आणि तीसुद्धा तिने आमच्यासाठी आणली.” कालकानचं नाव मी ओठांवरच अडवलं. मग तिचा चेहरा बदलला. म्हणाली, ती परीक्षेला बसणार नाही. फार्मसीच्या पुस्तकांकडे तिला बघवत नाही. “त्या फीसाठी अम्मी डबल ड्यूटी करायची ना? प्रेशर असताना. मीच मारली तिला, मावशी.”

मी नर्स आहे. मी तिला रक्तदाब, आनुवंशिकता, सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “मला एवढंच सांग. तिने आयुष्यात एक दिवस तरी स्वतःसाठी घालवला का? एक सांग.”

शमीम, मी ड्यूटीचं निमित्त सांगून फोन ठेवून दिला. शब्द दिला होता ना तुला.

संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन बसले. कारखान्यांचे दिवे लागले होते, मुलं पतंग उडवत होती. मला तुझा राग आला. काय ओझं ठेवून गेलीस माझ्याकडे. जिवंत असतीस तर मी भांडून भांडून तुझ्याकडून परवानगी काढली असती. आता विचारायचं कुणाला? मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडायचा तर पाय मागे ओढतो, आणि न मोडावा तर तुझी पोरगी डोळ्यांदेखत डिग्री सोडून बसते, ज्या डिग्रीसाठी तू बोडरुम दोनदा पुढे ढकललंस. तुला भीती होती की तिला वाईट वाटेल. वाईट तर तिला आता वाटतंय, आणि तेही चुकीच्या कारणाने. एवढा विचार झाल्यावर मी उठले.

काल फोन लावला. आधी विचारलं, दादी कुठे आहे. दादी शेजारी गेली होती. मग मी सांगितलं. ‘रजा मंजूर झाली नाही’ पासून सुरुवात केली आणि फेतियेपासून कालेकोयपर्यंत एकही खाडी गाळली नाही. शिडीवरचं बिस्मिल्ला, भाकरीवाली, बत्हाची गर्दी, कालकानचा चहा. निळा पोशाख बॅगेतून येतोय आणि दादीच्या हाती लागू देऊ नकोस, हेही सांगितलं. फिश टँकचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “थांब. ते मला आठवतंय. मी मैत्रिणींना सांगितलं होतं की अम्मीच्या हॉस्पिटलमध्ये फिश टँक आहे.” मग माझ्या फोनमधले फोटो पाठवले. तुझ्या फोनमध्ये तू एकही ठेवला नव्हतास, सगळे माझ्याकडेच होते. पाण्यात कडं धरून हसणारी तू. बोटीच्या टोकाला बसलेली तू. युनिफॉर्म घालून समुद्राकडे बघणारी तू.

आणि ते पायरीवरचं बोलणंही सांगितलं. तुला का सांगायचं नव्हतं, ते तुझ्याच शब्दांत.

तिचं तोंड खाली, फोटो बघत असावी. वाटलं, तूच बरोबर होतीस, मी उगाच तोंड उघडलं.

“रागावलीस?” मी विचारलं.

“हो,” ती म्हणाली. मान वर केली तर डोळे लाल, आणि आवाज थेट तुझा, घड्यांवरून भांडताना असायचा तो. “आठच दिवस? इतक्या वर्षांत आठच? अजून आठ घ्यायला काय झालं होतं तिला? मी काय मरत होते तिच्यावाचून?”

तुला वाटत असेल मी तुझी बाजू घेतली. नाही घेतली.

“बाई,” मी म्हटलं, “दोन वर्षं मी तिला तेच सांगत होते.”